माळावरचे देव

इंग्रजीतला 'हीदन' हा शब्द आता मोडीत निघाल्यातच जमा आहे. हात न धुता पानावर बसलेल्या नातवाला एखादी इंग्रज आजी लाडानं म्हणेल, एवढीच त्याची शिल्लक. दोनशे वर्षांपूर्वी मात्र तो फार कामाचा होता. त्याच्या नावानं वर्गण्या गोळा व्हायच्या आणि माणसं घरदार सोडून महिनोन्‌महिने जहाजात काढायची. रेजिनाल्ड हेबर या इंग्रज पाद्र्यानं 1819 साली मिशनच्या निधीसाठी एक गीत रचलं. त्यात मूर्तीपुढे वाकणारा हीदन आंधळा ठरवला आहे. गीत रचलं तेव्हा हेबरनं हिंदुस्थान बघितलेला नव्हता. 1823 मध्ये तो कलकत्त्याला बिशप होऊन आला आणि तीन वर्षांत त्रिचनापल्लीला वारला. गीत मात्र शंभर वर्षं आणि त्याच्याही पुढे गायलं जात राहिलं.

शब्दाचा अर्थ सरळ होता. जो ख्रिस्ती नाही, ज्यू नाही, मुसलमानही नाही, म्हणजे ज्याच्या हातात देवानं पोथी दिलेली नाही, तो हीदन. या हिशोबानं मी हीदन, माझे वारकरी वडील हीदन आणि आमच्या आदिलाबादकडच्या इचोड्याच्या आजूबाजूच्या गुड्यांतले, म्हणजे पाड्यांवरचे, सगळे गोंड, कोलाम, परधान तर सोळा आणे हीदन. मला या शब्दाचा राग येत नाही. मी इंग्रजी शिकवण्यात नोकरी काढली, त्यामुळे शिवीसुद्धा आधी तपासून बघायची खोड लागली आहे. आणि तपासायला गेलं तर या शब्दात विश्वासाचा, श्रद्धेचा, मूर्तीचा काही संबंधच दिसत नाही. त्यात जमीन आहे.

हीथ म्हणजे माळ. नांगराखाली न आलेली, खुरट्या झुडपांची, गुरं चारायची जमीन. त्या माळावर राहणारा तो हीदन, अशी रूढ व्युत्पत्ती. नांदेडला बी.ए.ला आम्हाला थॉमस हार्डीची 'द रिटर्न ऑफ द नेटिव्ह' ही 1878 सालची कादंबरी होती. तिच्या पहिल्या प्रकरणात माणूसच नाही. आहे तो फक्त एग्डनचा माळ, संध्याकाळी काळवंडत जाणारा. सर वर्गात हीथ समजावून सांगत होते आणि मी मनातल्या मनात किनवटहून मांडवीकडे जाताना लागणारा माळ बघत होते. त्या कादंबरीतले गावकरी रविवारी चर्चला जातात की नाही याची खात्री देता येत नाही, पण होळीसारखी आग मात्र ठरल्या दिवशी ठरल्या टेकाडावर पेटवतात. हार्डीला ते बरोबर दिसलं होतं.

लॅटिनमधला 'पेगन' हाही याच घरचा. पागुस म्हणजे खुंटे रोवून आखलेला मुलूख, आपण शिवार म्हणतो तसा. तिथला तो पागानुस. फ्रेंचमधला शेतकऱ्याला म्हणतात तो शब्द आणि इंग्रजीतला 'पेझंट' दोन्ही त्याच मुळाचे. सुरुवातीचा ख्रिस्ती धर्म शहरांचा होता. अंतियोख, इफिस, करिंथ, रोम अशा बंदरांतून आणि बाजारपेठांतून तो पसरला. सेंट पॉल स्वतः तंबू शिवणारा कारागीर, त्याची पत्रंही शहरांतल्या मंडळ्यांना लिहिलेली. चौथ्या शतकाच्या अखेरीला, 391-92 मध्ये, सम्राट थिओडोसियसनं जुन्या देवांचे यज्ञबळी कायद्यानं बंद केले. तोवर शहर बरंचसं नव्या देवाकडे गेलेलं होतं आणि जुना देव धरून बसला होता तो खेडवळ. पाचव्या शतकातला ख्रिस्ती लेखक ओरोसियस पेगन हा शब्द असाच उलगडून सांगतो. दुसरे काही विद्वान म्हणतात, की रोमन शिपायांच्या बोलीत पागानुस म्हणजे फौजेबाहेरचा साधा माणूस. ख्रिस्ताच्या सैन्यात नाव न घातलेला तो पेगन. दोन्ही खरं असू शकेल. आमच्या भागात फौजेबाहेरचा आणि खेडवळ हा बहुतेक वेळा एकच माणूस असतो.

हीदनबद्दलही एकमत नाही. चौथ्या शतकात वुल्फिलानं बायबल गॉथिक भाषेत नेलं, तिथे या शब्दाचा सगळ्यात जुना मागमूस लागतो. तो बहुधा ग्रीकमधून आर्मेनियनमार्गे आला असावा आणि माळाशी त्याचा संबंध नंतर जुळला असावा, असं काही भाषाशास्त्रज्ञ मानतात. ते असो. मला भावते ती जागा, जिथे वुल्फिलानं तो वापरला आहे. मार्कच्या शुभवर्तमानात सोर शहराच्या मुलखातली एक परधर्मी बाई येशूकडे येते. तिच्या मुलीला भूतबाधा झालेली आहे. येशू आधी तिला नाकारतो. घरच्या मुलांचं आधी, कुत्र्यांचं नंतर, अशा अर्थाचं काहीतरी बोलतो. बाई चिडत नाही, रडत नाही. तीच उपमा उलटवून सांगते, की मुलांच्या हातून सांडलेलं कुत्र्यांच्या वाट्याला येतंच की. येशू हरतो. तुझ्या या बोलण्यासाठी तुझी मुलगी बरी झाली, असं सांगून तिला घरी पाठवतो. चारही शुभवर्तमानं धुंडाळली तरी येशूला वादात निरुत्तर करणारं माणूस सापडणं कठीण. जिनं केलं, तिलाच गॉथिक बायबल हीदन म्हणतं.

आता आमच्याकडची गोष्ट. स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी 1845 मध्ये नागपुरात आला. तो मूळचा डन्सचा. हे गाव लॅमरम्यूरच्या डोंगरांच्या पायथ्याशी आहे आणि ते डोंगर म्हणजे हीथचा मुलूख. म्हणजे माळावरचा माणूस माळावरच्या माणसांना सुधारायला आला होता. पण हिस्लॉप साधा पाद्री नव्हता. खडक फोडून जीवाश्म शोधायचा. 'हिस्लोपाइट' नावाचं खनिज त्याच्या नावावर आहे. गोंडांच्या गावांतून फिरताना त्यानं एका परधानाकडून लिंगोचं आख्यान उतरवून घेतलं: महादेवानं गुहेत कोंडलेले गोंड, त्यांना सोडवणारा लिंगो, त्यानं लावून दिलेली देवांची आणि कुळांची घडी. 4 सप्टेंबर 1863 ला दगडी वर्तुळं बघून परतताना टाकळघाटाजवळ पुराच्या ओढ्यात तो बुडाला. त्याचे कागद रिचर्ड टेंपल या इंग्रज प्रशासकानं 1866 मध्ये छापले. आज गोंडांपैकी जे लोक आपल्या धर्माला 'कोया पुनेम' म्हणतात आणि माघ पौर्णिमेला सालेकशाजवळ कचारगडच्या गुहेला जातात, त्यांच्या अभ्यासकांना हिस्लॉपच्या त्या कागदांशिवाय पुढे जाता येत नाही. जे पुसायला आला तेच लिहून ठेवून गेला.

बायबलवाल्यांचा 'हीदन' हा शब्द सरकारी कागदावर मात्र शोभेना. एडवर्ड टायलर या मानववंशशास्त्रज्ञानं 1871 मध्ये 'ॲनिमिझम' हा शब्द रूढ केला आणि खानेसुमारीच्या साहेबांना सभ्य पर्याय मिळाला. दगडात, झाडात, नदीत जीव मानणारे ते ॲनिमिस्ट. पुढे 'ट्रायबल रिलिजन' झालं. मालवणचे समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये मुंबई विद्यापीठात बसून 1943 मध्ये म्हणाले, की हे काही वेगळं नाही, हे मागासलेले हिंदू आहेत. मानववंशशास्त्रज्ञ व्हेरियर एल्विन म्हणाला, नाही. दोघांचं भांडण पुस्तकांत रंगलं. स्वतंत्र भारताच्या जनगणनेतून पुढे आदिवासी धर्माचा तो रकानाच गेला.

आणि उरलेला धर्माचा रकाना हातात घेऊन मी 2011 च्या फेब्रुवारीत दारोदार फिरत होते. जनगणना म्हणजे मास्तरांचं काम, हे सगळ्या देशात ठरलेलं. माझ्या वाट्याला इचोड्याचा थोडा भाग आणि बाहेरचे दोन गुडे आले होते. इचोडा ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगते: नागपूर-हैदराबाद हमरस्त्यावरचं, आदिलाबाद आणि निर्मलच्या मधलं, कापसाचं गाव. बाजारात तेलुगू, घरात मराठी, मशिदीच्या गल्लीत दखनी, तांड्यात लंबाडी, रानाकडून येणाऱ्यांच्या तोंडी गोंडी. माझं माहेर किनवट. तेही 1956 पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होतं. राज्यांच्या रेषा आखल्या गेल्या तेव्हा आम्ही मुंबई राज्यात आणि पुढे महाराष्ट्रात गेलो, आत्या आंध्रात राहिली. मी लग्न करून परत जुन्या जिल्ह्यात आले, एवढंच.

तर तो गुडा. अंगणात मोहाच्या लाकडाची बाज, त्यावर एक म्हातारे गृहस्थ. मी नाव, वय, लग्न लिहीत सातव्या प्रश्नावर आले.

"धर्म कोणता लिहू, दादा?"

"सात देवांचे आम्ही."

"ते कळलं. धर्म?"

"तेच तर सांगतो बाई. सात देवे. सात देवेवाले सगळे भाऊ लागतात, त्यांच्यात लेक देता येत नाही. सहा देवेवाले सोयरे. आणि देव कुठं आहे तेही लिहून घ्या." त्यांनी हात लांब करून सागाच्या रानापलीकडचं एक गाव दाखवलं.

मी पत्रकाकडे बघितलं. हिंदू एक, मुस्लिम दोन, ख्रिस्ती तीन, शीख चार, बौद्ध पाच, जैन सहा. इतर असल्यास पूर्ण नाव लिहा. देव कुठे आहे, हे विचारायची सोय त्यात नव्हती. मुलगा आतून येऊन म्हणाला, "मॅडम, हिंदू लिहून टाका. नाहीतर सर्टिफिकेटला अडचण करतात." मी त्याला सांगितलं, की धर्माची अट आहे ती अनुसूचित जातींना; जमातींना नाही, तुम्ही काहीही सांगितलंत तरी तुमचा दाखला जात नाही. त्याला ते पटलं नसावं, कारण त्याचा अनुभव कायद्यापेक्षा जुना होता. म्हातारे मात्र थोडा वेळ विचार करून म्हणाले, "मग गोंडी लिहा." मी लिहिलं. त्या जनगणनेत 'इतर धर्म' या खात्यात देशभरातून 79 लाख माणसं जमा झाली. त्यांत 49 लाखांहून अधिक जणांनी सरना हा आदिवासी धर्म सांगितला होता, आणि गोंड किंवा गोंडी सांगणारे 10 लाखांच्या वर होते.

तिथून माझ्या डोक्यात जो प्रश्न बसला तो असा. त्या म्हाताऱ्यांनी माझ्या एका प्रश्नाला दोन उत्तरं दिली होती: माझे भाऊ कोण, आणि माझा देव कुठे. तुम्ही काय मानता, हा प्रश्न त्यांना धर्माचा वाटतच नव्हता. आपल्याला मात्र, म्हणजे शाळा शिकलेल्यांना, धर्म म्हटला की मानणं आठवतं. आत्मा आहे का, पुनर्जन्म आहे का, देव एक की अनेक. ही सवय आपल्याला पोथीनं लावली. पोथी उचलून कुठेही नेता येते, म्हणून पोथीतला देवही कुठेही जातो. सगळीकडे असलेला देव मोठा आणि एका गावच्या एका झाडाखाली असलेला देव लहान, हे आपण इतकं गृहीत धरून चालतो की त्यावर कुणी वाद घालत नाही. हीदन या शब्दाचा खरा डंख तिथे आहे. तुझा देव खोटा आहे, एवढंच तो म्हणत नाही. तुझा देव स्थानिक आहे, असं तो म्हणतो. आणि स्थानिक असणं हेच खोटं असण्याचं लक्षण, असं त्यात गृहीत धरलेलं आहे.

हे खरं मानायचं का?

केसलापूरचा नागोबा बघा. इचोड्याहून गुडीहत्नूरवरून इंद्रवेल्लीच्या रस्त्याला लागलं की फार लांब नाही. मेश्राम कुळाचा हा देव. पौष अमावास्येच्या रात्री त्याची महापूजा होते, पण काम त्याच्या कितीतरी आधी सुरू होतं. पांढरे कपडे घातलेले मेश्राम अनवाणी निघतात ते जन्नारम तालुक्यात कलमडुगूजवळ गोदावरीच्या हस्तिनामडुगू डोहापर्यंत. वाट ठरलेली, मुक्काम ठरलेले. पाणी झारीत भरून परत पायीच आणायचं आणि झारी वाटेत जमिनीला टेकवायची नाही. केसलापूरला पोचल्यावरही लगेच देवळात नाही. वडाच्या झाडाखाली मुक्काम. पूजेची मडकी सिरिकोंड्याच्या कुंभाराकडून यायची, दुसऱ्याची चालत नाहीत. स्वयंपाक ठरलेल्याच चुलींवर. वर्षभरात लग्न होऊन आलेल्या सुना पांढऱ्या लुगड्यात, डोक्यावरून पदर ओढून देवापुढे आणल्या जातात. ही भेट होईपर्यंत सून पुरती घरची धरत नाहीत.

आता या सगळ्यात सिद्धान्त कुठे आहे? मला सापडला नाही. सापडतात ती देणी: नदीचं देणं, वडाचं देणं, कुंभाराचं, सुनेचं, वाटेवरच्या गावांचं. आख्यान गाणारा परधान किंगरीवर गोंडांच्या देवांचा इतिहास गोंडीत गातो आणि घरी बायकोशी मराठीत बोलतो. आमच्या जिल्ह्यातल्या परधानांची घरची भाषा मराठीच. गोंडाच्या देवाची आठवण ठेवायचं काम ज्याच्याकडे, तो गोंड नाही आणि त्याची भाषाही वेगळी. हा देव एकट्यानं मानण्याजोगा नाहीच. मेश्राम माणूस उद्या हैदराबादला फ्लॅट घेऊन राहिला तर नागोबाचा फोटो भिंतीवर लावील, पण नागोबाचं देणं फेडायला त्याला ती वाट चालावीच लागेल. सगळीकडे असलेला देव तुमच्याकडून अंतःकरण मागतो. या देवाला पाय लागतात.

हे लिहिताना मी वारकऱ्याच्या घरात वाढले हे लपवायचं कारण नाही, आणि तिथे पंचाईतही आहे. कारण हीदनसारखा शब्द वापरायला आपल्याला स्कॉटलंडहून कुणी यावं लागलं नाही. क्षुद्र दैवतं, ग्राम्य दैवतं हे आपलेच शब्द. तुकोबांनी शेंदूर फासलेल्या, बळी मागणाऱ्या गावदैवतांची जी खिल्ली उडवली आहे ती हेबरच्या तोडीची आहे, फक्त विनोद हेबरपेक्षा शंभर पटीनं चांगला. वडील ते अभंग गाताना रंगून जायचे आणि आषाढात आई गुपचूप मरीआईला दहीभात ठेवून यायची. दोघांत कधी वाद झाल्याचं मला आठवत नाही.

पुढे रा. चिं. ढेरे यांचं 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' वाचलं, 1984 सालचं. ढेऱ्यांचं म्हणणं, की पंढरीचा हा देव मुळात गवळी-धनगरांचा, गुराख्यांच्या माळावरचा. विठ्ठल-बीरप्पा या जोडीचा भाऊबंद. वैष्णव झाला तो नंतर. मी ते पान वडिलांना वाचून दाखवलं. मला वाटलं होतं चिडतील. ते म्हणाले, "म्हणून तर चालत जातो. देव सगळीकडेच असता तर वारी कशाला काढली असती?" संत सांगतात की देव चराचरात आहे, आणि तेच संत आषाढीला पंढरपूर गाठतात. हा विरोध वारकऱ्यानं सोडवलेला नाही, पायाखाली घातलेला आहे. म्हणजे आमचा देवही माळावरचाच. त्याला अभंगांची वही मिळाली, नागोबाला नाही. फरक असला तर एवढाच.

उचलून नेता येणारा धर्म आणि जागचा देव शेजारी शेजारी नांदतात, हे कार्ल्याच्या लेण्यांपाशी डोळ्यांनी दिसतं. चैत्यगृहाच्या दाराला लागून एकवीरेचं देऊळ. इतिहासकार दामोदर कोसंबींनी दाखवून दिलं, की बौद्ध भिक्षूंची लेणी खोदली गेली ती व्यापाराच्या वाटांवर, आणि बऱ्याचदा जुन्या मातृदेवतांच्या ठाण्यांच्या शेजारी. समुद्रापलीकडे गेलेला धर्म आणि डोंगर न सोडणारी देवी, दोघांचा उंबरठा एकच. आज लेण्यात पर्यटक जातात आणि देवीला कोळी-आगरी जातात.

इथवर माझं गाडं नीट चाललं होतं. माळावरच्या देवाची बाजू घ्यायची, शहरातल्या देवाला चार शब्द सुनवायचे. तो सगळा विचार मी एकदा शाळेतल्या सहकाऱ्याला ऐकवला. ते समाजशास्त्र शिकवायचे, बौद्ध, मूळचे पलीकडच्या एका गावचे. डबा खात खात त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई, तुमच्या गावदेवीनं माझ्या आजोबाला कधी वेशीच्या आत घेतलं नाही. मरीआईचा गाडा ओढायला आम्ही, आणि पूजेला तुम्ही. हा तुमचा जागेचा देव जागा वाटून देतो ना, त्यात आमची जागा गावकुसाबाहेर होती."

मला उत्तर नव्हतं. डॉ. आंबेडकर 4 नोव्हेंबर 1948 ला घटना समितीत खेड्याविषयी जे कठोर बोलले ते मी वाचलेलं होतं, पण ज्याच्या घरावरून ते गेलं त्याच्या तोंडून ऐकणं वेगळं. 1956 च्या दसऱ्याला नागपुरात लाखो माणसांनी जो धर्म घेतला, तो कुठल्याच गावाचा नव्हता, हेच त्याचं मोल होतं. गावचा देव ज्याला बांधून ठेवतो त्याला सुटायला सगळीकडचाच धर्म लागतो. पोथी उचलून नेता येते, ही ज्या गोष्टीची मी कुरकुर करत होते, तीच त्यांच्या आजोबांची वाट. मिशनऱ्याच्या सगळीकडच्या देवाकडे जे गेले, तेही काही फक्त फसलेले नव्हते. आणि माळावरच्या देवाच्या अंगणातही सगळं गोड नाही. केसलापूरला भेट सुनेची होते, जावयाची होत नाही.

तेव्हापासून मी एवढंच म्हणते, की लहान देव आणि मोठा देव ही मोजणीच चुकीची. प्रश्न विचारायचा तो असा, की देवाला हलवलं तर काय मोडतं. बौद्ध झालेला माणूस मुंबईला गेला तर त्याचं काही मोडत नाही, उलट बरंच जोडलं जातं. पण इथलं वेगळं आहे. निजामाच्या राज्यात राखीव जंगलाच्या रेषा आखल्या गेल्या आणि गोंडांची गावं उठली. 1940 मध्ये जोडेघाटला बंड करणारा गोंड पुढारी कुमराम भीम आपल्या माणसांसह मारला गेला, तेव्हा कुठे सरकारला ही माणसं कोण आहेत ते जाणून घ्यावंसं वाटलं, आणि फ्यूरर-हायमेंडॉर्फ हा ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ मार्लवाईत राहायला आला. त्याचे ग्रंथ वाचले तर कळतं, की गोंडांचं गाव म्हणजे नुसती घरं नव्हेत. गावाची आई असते, शिवेवर राखणदार आकी पेन असतो, आणि जमिनीशी करार त्यांच्यामार्फत होतो. गाव उठलं म्हणजे तो करारच फाटला. 2012 मध्ये कवाल व्याघ्र प्रकल्प झाला आणि पुढे गाभ्यातली काही वस्ती बाहेर हलवली गेली. घरांची, जमिनीची, रोख रकमेची भरपाई असते. आकी पेनची भरपाई कोणत्या हेडखाली घालायची, हे अजून कुठल्या शासन निर्णयात आलेलं नाही.

ओडिशात हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. नियमगिरीच्या डोंगरातून बॉक्साइट काढायचं होतं आणि डोंगरिया कोंध म्हणत होते, की डोंगर हाच नियमराजा. 18 एप्रिल 2013 ला न्यायालयानं सांगितलं, की इथे त्यांच्या धर्माचा हक्क गुंतला आहे का हे ग्रामसभांनी ठरवावं. 12 ग्रामसभा भरल्या आणि बाराही नाही म्हणाल्या. कायद्याच्या भाषेत धर्मस्वातंत्र्य म्हणजे मनाचं आणि आचरणाचं स्वातंत्र्य. इथे डोंगरही त्याच्या आत शिरला.

आमच्याकडे इतकं मोठं काही नाही. एक फाइल आहे. माझी एक जुनी विद्यार्थिनी, गोंड, आता स्वतः शिक्षिका, तिच्या गुड्याचा सामूहिक वनहक्काचा दावा तयार करते आहे. तेलुगूतला अर्ज माझे ते सहकारी लिहून देतात. निवृत्तीनंतर त्यांना हाच उद्योग. 2006 च्या कायद्याखालच्या नियमांत पुराव्यांची यादी दिली आहे. तिच्यात पवित्र झाडं, देवराया, तळी आणि दफनाची किंवा दहनाची जागा हे पुरावे म्हणून धरले आहेत. म्हणजे जनगणनेच्या पत्रकाला जे विचारता आलं नाही, देव कुठे आहे, ते या कागदाला विचारता येतं. हे कुणी मुद्दाम केलं असेल असं मला वाटत नाही. जमीन कुणाची हे शोधता शोधता सरकार देवापर्यंत पोचलं असावं.

मागच्या उन्हाळ्यात आम्ही तिघं नकाशा करायला गेलो. ती पुढे, पाटीएवढा पुठ्ठा हातात धरून. गावाच्या आईचं ठाणं, आकी पेनचा खांब, मोहाची तीन झाडं, झरा. फोनवर अक्षांश-रेखांश वाचून ती सांगायची आणि मी लिहायची. जनगणना पुन्हा आली आहे, 2027 ची, आणि तिला प्रगणक म्हणून नेमतील हे उघड आहे. "मॅडम, या खेपेला तरी आमचा कोड असेल का?" तिनं विचारलं. सहकारी म्हणाले, धर्माचा रकानाच काढून टाका. ती म्हणाली, "सर, तुमचा पाच नंबर आहे, म्हणून तुम्हाला काढता येतो." ते हसले, पण बोलले नाहीत.

शिवेच्या बाहेर उतारावर काटेरी झुडपांत थोडी मोकळी जागा होती. तिनं ती सोडून पुठ्ठा मिटला. सहकारी थांबले. "ही पण घे," ते म्हणाले. ते त्यांच्या लोकांचं जुनं मसणवट होतं. खालच्या गावातली त्यांची घरं आता सात-आठच राहिली आहेत. आदिवासी नसलेल्यांना वनहक्कासाठी पंचाहत्तर वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो आणि त्यांच्या लोकांकडे एकही कागद नव्हता. गावानं ज्यांना कधी वेशीच्या आत घेतलं नाही त्यांनी आपली माणसं बाहेर पुरली, आणि ती तिथेच राहिली. तिनं पुठ्ठा पुन्हा उघडला आणि विचारलं, "सर, वेगळा दावा करायचा का याच्यातच घ्यायचं?" दोघं त्यावर वाद घालत झुडपांत शिरले, ते पावलं मोजत आणि ती आकडे टिपत.